शनीच्या कड्यातली ठकठक

आमच्या उचगावात गौस मुजावर म्हटलं की लोक विचारतात, कुठला, मोटारवाला की बाहुलीवाला? माणूस एकच. पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून त्यानं घर चालवलं, आणि बाहुलीपायी त्याचा जीव जायची वेळ आली. माझी पिठाची गिरणी त्याच्या दुकानाला लागूनच आहे. त्यामुळे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं, आणि उरलेलं त्याच्या तोंडून ऐकलेलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत टीव्हीसाठी ‘गगननौका’ नावाची मालिका तयार झाली. अवकाशात फिरणारं यान आणि त्यात माणसांच्या जागी लाकडी बाहुल्या. गौस तेव्हा तिथं सुताराच्या हाताखाली होता. यानाच्या खाली एक प्लायवूडची पेटी होती. तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन पडायचं आणि खालून काठ्यांनी कॅप्टन ध्रुवची मान आणि हात हलवायचे. अंगानं काडी, म्हणून गौसला आत घातला. पेटीच्या तोंडाची फळी निसटू नये म्हणून बाहेरून कडी लावायचे. कॅप्टनचा चेहरा लाकडाचा, आवाज पुण्याच्या कुणा नटाचा आणि हात उचगावच्या गौसचे. मालिका संपली, स्टुडिओतलं काम सुटलं, गौस मोटारी भरायला बसला आणि लग्न, पोरं, घर यात सगळं विसरून गेला.

मग कुणीतरी ते जुने भाग इंटरनेटवर टाकले. भाच्यानं मोबाइलवर दाखवले तेव्हा गौस दुकानात अक्षरशः नाचला. “ह्यो हात माझा हाय!” आणि तेवढंच त्यानं नाव-नंबरासकट भाच्याकडून व्हिडिओखाली लिहून घेतलं. तिथंच फसला बिचारा.

या मालिकेचे चाहते आहेत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. चांगली शिकली-सवरलेली, कमावती माणसं. त्यांचा एक ग्रुप आहे आणि त्यात दिवसभर एकच उद्योग चालतो, चुका काढायच्या. कॅप्टनची मिशी एका भागात जाड, दुसऱ्यात बारीक. मंगळावरच्या खडकामागं शेणी थापलेल्या दिसतात. त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो ती चूक आहे, दुसरा म्हणतो मंगळवासीयांच्या उडत्या तबकड्या आहेत. आता शेणी कुणी थापल्या ते गौसला नावानिशी माहीत, पण त्याचं ऐकतो कोण! माणूस जिच्यावर प्रेम करतो तिच्याच चुका काढत बसतो, हे लग्न झालेल्याला सांगायला नको. पण या लोकांनी कहर केला होता.

फोन कधीही यायचा. मोटारीत हात घालून बसलेला असताना, कुणाच्या मयतीला गेलेला असताना. “चाचा, सहाव्या भागात कॅप्टन सलाम डाव्या हातानं का करतो?” आठवत नाही म्हटलं की तिकडं कुजबुज, हा माणूस खरा की तोतया? आठवतंय म्हणून सांगितलं की पाचजण उलटे पुरावे घेऊन हजर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. जरीनाभाभी, म्हणजे त्याची बायको, वैतागून म्हणायची, “फोन बंद करून टाका की वो.” हा म्हणायचा, “आगं, मानानं विचारत्यात.” एवढा मान त्याला जन्मात कुणी दिला नव्हता, आणि त्या मानातून सुटायचं कसं हे काही कळत नव्हतं. भिडस्त माणूस, नाही म्हणायला त्याची जीभच वळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र त्याला आतून खात होती. शनीच्या कड्यातून यान जातं त्या भागात मागं ठकठक ऐकू येते. एका लयीत, बराच वेळ. ग्रुपात त्या ठकठकीवर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं कुणाच्या मरणावरही लिहिलं जात नाही. राजवीर म्हणून शिरोलीला फौंड्री असलेला तरुण ग्रुपचा पुढारी. त्याचं म्हणणं, तो इंजिनाचा आवाज. पुण्याच्या संयोगिताबाई म्हणायच्या, यानाचं काळीज धडधडतंय, दिग्दर्शकानं मुलाखतीत तसं सांगितलंय.

“त्यो मी हुतो,” गौसनं सांगितलं. “दिव्यांनी पेटी तापल्याली, पायात गोळा आल्याला, दम कोंडला. उघडा म्हणून ठोकत हुतो. सायबास्नी आवाज आवडला, शूटिंग चालूच ठेवलं.”

राजवीर हसला. “चाचा, तुमचं वय झालंय. गल्लत होते.”

त्या हसण्यानं गौस दोन दिवस जेवला नाही. मला म्हणाला, “मिशी ऱ्हाऊ दे, शेणी ऱ्हाऊ दे. पर तिथं आत माणूस हुता, एवढं तरी म्हणावं का न्हाय त्यांनी?”

अशात राजवीरनं शहरात एक हॉल घेऊन मेळावा ठरवला. फोटोवरून माप काढून यान आणि पेटी अगदी हुबेहूब बनवली. पडद्यावर शनीचा भाग दाखवायचा आणि पुढं गौसचाचांनी पेटीत बसून बाहुली हलवायची. गौसनं अट घातली, नंतर माइक माझ्या हातात द्यायचा, मी दोन शब्द बोलणार. राजवीर कबूल झाला. जरीनाभाभीला गौसनं शब्द दिला की ठकठक कुणाची होती ते सगळ्यांसमोर सांगतो, त्यांच्याकडून मान्य करून घेतो आणि या नादातून कायमचा बाहेर पडतो.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही पेटी बघायला गेलो. सगळे भोवती उभे. गौसनं आत डोकावलं, हात फिरवला आणि म्हणाला, “ही आतली कडी मूळ पेटीला नव्हती.”

राजवीरच्या सुतारानं शहाणपणानं आतूनही उघडेल अशी कडी बसवली होती. पण गौसनं चूक काढली म्हटल्यावर माणसं अशी खूश झाली की विचारू नका! टाळ्या काय, फोटो काय. पहिल्यांदाच त्याचं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं. उभ्या उभ्या स्क्रू काढून कडी सुताराच्या खिशात गेली. गौसची छाती फुगली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी हॉल भरला. गौस आता काही काडी राहिलेला नाही, पोट सुटलंय, गुडघे धरतात. दोघांनी ढकलून त्याला आत बसवला, फळी लावली, बाहेरून कडी घातली. दिवे गेले, पडद्यावर शनी आला, स्पीकर दणाणला. वर कॅप्टन ध्रुवनं मान वळवली आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. लाकडात जीव आल्यासारखा हात हलत होता.

थोड्या वेळानं ठकठक सुरू झाली.

आधी वाटलं पडद्यातली आहे. पण ती पेटीतून येत होती; म्हटलं, गौस मुद्दाम वाजवून दाखवतोय. हॉलमध्ये एकदम टाळ्यांचा कडकडाट! लोकांनी मोबाइल वर केले. “लय तीच हाय, ऐका!” कुणीतरी ओरडलं. संयोगिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आत गौस हाका मारत होता, असं तो नंतर म्हणाला. संगीतापुढं कुणाला ऐकू येणार? पाय आखडलेले, छातीत हवा नाही, फळीला आतून बोट घालायलाही जागा नाही. हात फिरायचा तो त्यानंच काढायला लावलेल्या कडीच्या जागी, स्क्रूच्या भोकांवर. तो जोरात ठोकायचा तेवढ्या टाळ्या जोरात यायच्या.

मग ठकठक थांबली. कॅप्टन ध्रुवची मान हळूहळू एका बाजूला कलली.

“मूळ भागात कॅप्टन असा कलत नाही,” माझ्या पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला. “थकलेला दाखवलाय,” दुसरा म्हणाला. त्यांची तिथंच जुंपली.

जरीनाभाभी माझ्या शेजारी बसली होती. ठकठक चालू होती तोवर तिलाही तसंच वाटत होतं, थांबली तशी ती ताडकन उठली आणि खुर्च्या सारत स्टेजकडं निघाली. राजवीर आडवा आला. “चाची, दोनच मिनिटं, शेवटचा प्रसंग राहिलाय.”

“सरक! माझा माणूस हाय त्यात!” ती एवढ्यानं ओरडली की स्पीकरचाही आवाज फिका पडला. तिनं कडी काढली, फळी ओढून खाली टाकली. मी आणि राजवीर धावलो. खांद्याला धरून बाहेर काढला तेव्हा गौस घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडलेले, पाय पोटाशी दुमडलेले ते सरळच होईनात. मला खूप भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. बरं, राजवीरही खाली बसून त्याचे पाय चोळत होता, हे सांगायला हवं.

दिवे लागले. भाभीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, दोन घोट पाजले, पदरानं वारा घातला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. राजवीरला दिलेला शब्द आठवला असावा, त्यानं माइक आणून गौसच्या हातात दिला. गौसनं तो तसाच मांडीवर ठेवला.

तेवढ्यात संयोगिताबाई जवळ येऊन खाली बसल्या. बाई मनानं वाईट नाहीत, त्यांचे डोळे अजून ओलेच होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

“चाचा, काय वाजवलंत तुम्ही! अगदी तीच ठकठक. फक्त एकच फरक राहिला. मूळ भागात ती पुष्कळ वेळ चालते. आज तुम्ही लवकर थांबलात.”

गौसनं त्यांच्याकडं बघितलं. आवाज बसला होता, पण मांडीवरच्या माइकमुळं तो मागच्या रांगेपर्यंत पोहोचला.

“तवा पोरगा हुतो, बाई. कोण तरी उघडंल असं वाटायचं.”