तानपुरा लागला का?

कानातलं नवं यंत्र भलतंच हुशार आहे. वर्तमानपत्राची घडी, कढईतला झारा, सगळं दणदणीत ऐकवतं. सलग घुमणारा आवाज मात्र पंख्याची घरघर समजून गाळून टाकतं.

"माझी बडबड नाही वाटतं गाळत?" बायको विचारते.

काल मुलगी रियाजाला बसली. तिची बोटं तानपुऱ्याच्या तारांवरून फिरताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. जन्मभर ज्याच्या आधारानं गाणं ऐकलं, तो यंत्राच्या लेखी गोंगाट!

घरातला तानपुरा नेहमी मीच लावायचो, म्हणून तिनं सवयीनं विचारलं, "बाबा, लागला?"

मी डोळे मिटून जाणकारासारखी मान डोलावली. "वा!" म्हणालो.

डोळे उघडले, तर ती माझ्याकडे पाठ करून हळूच खुंटी पिळत होती.