बायको सीटखाली ठेवणार नाही

मुलानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघा बाबा. मुंबई ते सिंधुदुर्ग, विमानानं सव्वा तास. पावणेचारशे किलोमीटर पण नाही."

"रस्त्यानं पाचशेच्या वर आहे. मधलं कुठं गेलं?"

"रस्ता वाकडा असतो बाबा. विमान सरळ जातं."

आम्ही नवराबायको जन्मभर वाकड्या रस्त्यानंच गावी गेलो, रातराणीनं. पण याला दोनच दिवसांची सुट्टी. त्याच्या आईच्या अस्थी गावच्या खाडीतच सोडायच्या, दहाव्याच्या आत. तिनंच सांगून ठेवलेलं. म्हणून विमान.

अस्थी घरात घेत नाहीत. घाटकोपरच्या आमच्या चाळीत दाराबाहेर खिळ्याला मडकं टांगलं होतं. निघायच्या सकाळी बघतो तर मडकं रिकामं, आणि सुनेच्या हातात प्लास्टिकची बरणी. विमानात मडकं फुटेल म्हणे.

"नवीन आहे हो बाबा, लोणच्याची नाही."

म्हणजे उपकारच! शिव्या तोंडात आल्या. पण बायकोला पुन्हा मडक्यात ओता म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? बरणी लाल फडक्यात बांधली आणि उचलली. एकदा उचलली की पाण्यात सोडेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. शेंबड्या पोराला कळतं हे.

विमानं दिवसभर आमच्या पत्र्यावरून जातात, इतका जवळ विमानतळ. तरी सव्वा तासाच्या प्रवासाला सकाळपासून लाईनीत उभे. तपासणीवाल्यानं विचारलं, "चाचा, इसमें क्या है?"

"बायको."

मुलानं मला कोपर मारलं आणि स्मशानातला कागद पुढं केला. बरणी ट्रेमधून एकटीच मशीनीत गेली. मी पलीकडे हात वर करून उभा, चोरासारखा.

विमानात हवाईसुंदरी आली. पोर मराठी होती. "आजोबा, हे पुढच्या सीटखाली ठेवा."

"पायाशी?"

"सगळेच ठेवतात."

"त्यांच्या बॅगा आहेत. ही माझी बायको आहे."

"मांडीवर नाही चालत. नियम आहे."

"बाबा, लोक बघतायत," मुलगा म्हणाला.

"बघू देत! तुझी आई आहे ती. तुला काहीच वाटत नाही?"

तो खिडकीकडे बघायला लागला. मागून एकजण ओरडला, "काका, ठेवा ना कुठंतरी! उशीर होतोय."

"तुला कसली घाई रे मेल्या? सव्वा तासात पोचणारच आहेस ना!"

शेवटी त्या पोरीनं वरच्या कप्प्यातली कोणाची तरी बॅग काढली, बरणी ठेवली, बाजूनं माझी शाल खोचली. कप्प्याचं झाकण धाडकन लावलं. ते धाडकन अजून माझ्या डोक्यात आहे.

वर गेल्यावर हात कुठं ठेवायचे ते कळेना. मुलगा झोपला. झोपू दे. एवढीशी वाट, म्हणतात. मी त्या झाकणाकडे बघत बसलो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. मोबाईलला, सुनेला, हिलासुद्धा. आधी जायची काय गरज होती हिला?

चाकं टेकली तसा मी उठलो. विमान अजून धावतच होतं.

"आजोबा, बसा! बसा आधी!"

बसलो नाही. झाकण मीच उघडलं, बरणी काढली, छातीशी धरली. मुलानं सदरा ओढला. "बाबा, पडाल!"

पडलो असतो तर तिला अंगावर घेऊन पडलो असतो. खाली टेकू दिली नसती.