बर्फाची बाइंडिंग आणि बिदियाची वाळू

स्नोबोर्डची बाइंडिंग तपासायला वाळवंटात चाललेय, असं मी मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. माझं ऑपरेशन मणक्याचं झालं होतं की डोक्याचं, अशी शंका त्यांना आली असावी. तेव्हा आधी त्या ऑपरेशनबद्दलच सांगते.

मी, माझा नवरा मिलिंद आणि आमचा मित्र विल्सन, असे तिघं दर फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जातो. विल्सन मूळचा वसईचा. तरुणपणी ऑस्ट्रियातल्या एका डोंगरगावात हॉटेलची नोकरी करताना तो बोर्डवर उभा राहायला शिकला आणि मस्कतला आल्यावर त्याने आम्हा दोघांना नादाला लावलं. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. २०१८च्या उन्हाळ्यात माझी मणक्यातली चकती सरकली आणि ऑपरेशन झालं. हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले की जपून घसरा, हरकत नाही, पण कमरेतून वाकणं वर्षभर बंद.

ज्यांनी बोर्ड कधी पायाला बांधला नाही त्यांना वाटेल, मग अडचण काय? अडचण अशी की बोर्डवरून उतारावर जाताना फारसं वाकावं लागत नाही, बोर्ड बांधताना लागतं. प्रत्येक पायाला बाइंडिंगचे, म्हणजे बोर्डवर बूट धरून ठेवणाऱ्या जोडणीचे, दोन पट्टे, घोट्यावर एक आणि बोटांवर एक. प्रत्येक फेरीला बर्फात बसायचं, वाकून पट्टे करकचून आवळायचे, खाली पोचलं की पुन्हा वाकून सोडायचे. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे करायचं, म्हणजे माझ्या कमरेचं कल्याणच.

त्यावर विल्सनने तोड काढली होती. बिनपट्ट्यांची बाइंडिंग. बुटाच्या टाचेला आणि पंजाच्या दोन्ही बाजूंना छोटे खिळे असतात. उभ्या उभ्या पाय ठेवायचा, टाच दाबायची, खट्‌ आवाज आला की बूट अडकला. दुबई सोडून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडून त्याने माझ्या मापाचे बूट आणि बाइंडिंग अशी जोडी मिळवली. (घेणाऱ्यांसाठी सूचना: हे बूट आणि बाइंडिंग एकमेकांसाठीच बनलेले असतात. तुमचे जुने बूट यात चालणार नाहीत, तो खर्च आधी धरा.) गुलमर्गला जाऊन फजिती होण्यापेक्षा घराजवळच्या उतारावर बघून घेऊ, असं ठरलं. आणि ओमानमध्ये घराजवळचा उतार म्हणजे वाळूचाच.

मी दोघांना स्पष्ट सांगितलं होतं की हे जमलं तर मी येते, नाही जमलं तर तुम्ही जा. मिलिंद म्हणाला, तुझ्याशिवाय कोण जातंय. मी म्हटलं, असला त्याग मला नको, आयुष्यभर ऐकवशील. बोलले हसून, पण बर्फ सुटला या कल्पनेने मला खरोखर रडू येत होतं. चाळिशीनंतर माझ्याकडे माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

शुक्रवारी उजाडता उजाडता विल्सन अमेरातहून पिकअप घेऊन आमच्या अल घुब्राच्या बिल्डिंगखाली हजर झाला. लेकीला समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीकडे सोपवलं होतं. कमरेला रुंद पट्टा बांधून मी पुढच्या सीटवर बसले, तर विल्सन म्हणाला, "वहिनी, बोर्डचे पट्टे काढले ते तुम्ही बांधले वाटतं." त्याच्या बायकोने डबाभर फुगे दिले होते, वसईचे ते गोल, मऊ, तळलेले पाव. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. बिदबिद येईपर्यंत दोन्ही डबे निम्मे झाले.

बिदबिदनंतर शर्कियाचा रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत आहे की मागे बसलेला मिलिंद घोरायला लागला. दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी डोंगर, मध्येच खजुरांचा हिरवा पट्टा. इब्राला एका मल्याळी चहावाल्याकडे करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा आणि पराठा घेतला. मस्कतपासून वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बिदिया गावापर्यंत आरामात अडीच-तीन तास धरा. पेट्रोल आणि पाणी बिदियातच भरून घ्या, पुढे वाळूत काहीही मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर जाड जॅकेट न्या. वाळवंट म्हणून सुती कपड्यांत गेलेले लोक संध्याकाळी कुडकुडताना मी पाहिलेत.

बिदियात सलीम वाट बघत होता. हा मिलिंदच्या ऑफिसातला सहकारी, घर इथलंच. वाळूच्या टेकड्या लहानपणापासून पायाखालच्या, आणि दुबईच्या बंदिस्त बर्फात जाऊन स्नोबोर्ड शिकलेला. आमच्याशी झकास हिंदी बोलतो. पिकअप त्याच्या अंगणात ठेवून आम्ही त्याच्या फोर-बाय-फोरमध्ये सामान चढवलं. गावाच्या टोकाला टायरवाल्याकडे चाकांतली निम्मीअधिक हवा काढली, कारण भरल्या चाकांनी गाडी वाळूत रुतते. आपली गाडी फोर-बाय-फोर नसेल तर हट्ट करू नका, वाळूत तंबूंचा मुक्काम चालवणारे कॅम्पवाले बिदियातून नेतात. आम्हाला कॅम्प रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी पंचवीसेक रियाल पडला.

सलीमने निवडलेल्या टेकडीवर पोचलो आणि वर उभं राहून खाली पाहिलं. वारा इतकी बारीक वाळू उडवत होता की टेकडीची कड धुरकट दिसत होती. गाडीची वाट वळसा घालून खाली जात होती, म्हणजे घसरून झालं की सलीम उचलून परत वर आणणार. लिफ्टची सोय झाली.

आता बोर्डांची तुलना. पहिला नियम, वाळूत नवा बोर्ड आणू नका. वाळू बोर्डचा तळ कानशीसारखी खाते. मिलिंद, विल्सन आणि सलीमने निवृत्त झालेले बोर्ड आणले होते, तळाला साधी मेणबत्ती घासून. मिलिंदचा मधे कमान असलेला बोर्ड कडक बर्फावर सुरी आहे, वाळूवर मात्र त्याचं नाक खाली घुसलं आणि त्यामागोमाग मिलिंदचं. विल्सनचा बोर्ड होडीसारखा, पुढून वर उचललेला. बाइंडिंग दोन बोटं मागे सरकवून तो असा सरसर उतरला की सलीमने टाळ्या वाजवल्या. सलीमचा स्वतःचा बोर्ड फळीसारखा रुंद, वळायला आळशी, पण रुतत नाही. त्याची बाइंडिंगही जुनी, टाचेमागची पाठ मागे पडणारी. पाय मागून सरकवायचा आणि पाठ उभी करून खटका दाबायचा. त्या सांध्यात वाळू बसली की पाठ उभीच राहत नाही. मिलिंदचे पट्टे कुरकुरले, पण दिवसभर चालले. विल्सन पट्ट्यांची बाजू घेत होता, सलीम रुंदीची, आणि मिलिंद तोंडातली वाळू थुंकत होता.

मग माझी पाळी आली. विल्सनने बिनपट्ट्यांची बाइंडिंग त्याच्या होडीवर चढवली. डावा पाय ठेवला, टाच दाबली, आवाजच नाही. बर्फ दाबला की वितळतो किंवा निघून जातो, वाळू तिथेच ठाण मांडून बसते. विल्सनने रंगाचा ब्रश काढून खाचा साफ केल्या. परत दाबली. खट्‌. उजवा पाय, खट्‌. उभ्या उभ्या, कुणाचा हात न धरता मी बोर्डवर होते. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की निघायचंच विसरले.

आणि मग उतरले. वजन मागच्या पायावर, हात सैल, वाळूचा सुस्स आवाज. बर्फापेक्षा हळू, पण वळण घेताना पायाखाली तोच जुना भरवसा. सहा महिन्यांनी माझं शरीर माझं वाटलं.

खाली पोचले, थांबले, आणि बोर्ड काढायला गेले. इथे खरी मेख होती. ही बाइंडिंग विकणारे आणि तिचं कौतुक करणारे सगळे आत पाय कसा जातो तेच दाखवतात. बाहेर यायला टाचेजवळची एक कळ वर ओढावी लागते. आणि टाच कुठे असते? जमिनीवर. मी हात लांब केला, पट्टा कमरेत रुतला, कळ वीतभर दूर राहिली. गुडघे मुडपून पाहिले, तर वाळूत बोर्ड तिरका झाला आणि पाठीतून अशी कळ आली की मी घाबरून सरळ झाले. चहूकडे वाळू, आणि मधोमध पाय अडकून उभी मी, बागेतल्या पुतळ्यासारखी.

मिलिंद वरून घसरत आला, गुडघे टेकून त्याने कळा ओढल्या. माझे पाय सुटले. तो म्हणाला, यात काय, गुलमर्गला मी खाली आधी पोचत जाईन आणि तुझे पाय सोडत जाईन. चांगल्या मनाने म्हणाला. पण माझा पारा चढला.

"दहा वेळा तू माझ्या पायाशी बसणार आणि मी वाट बघत उभी राहणार. मला तसं नाही यायचं," मी म्हटलं. "तुम्ही दोघं जा."

त्यानंतर मी बोर्डला हात लावला नाही. कॅम्पवर मिश्काक, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण, भात आणि काबुली चण्यांचं हमूस असं छान जेवण होतं आणि मला चव लागत नव्हती. विल्सन आणि सलीम बोर्डांवरून हुज्जत घालत बसले, बहुधा मला बोलायला लागू नये म्हणूनच. मिलिंद माझ्या ताटात भात वाढत होता. त्याला वाईट वाटलंय हे कळत होतं, आणि त्याने तेच पुन्हा सुचवलं असतं तर मी पुन्हा तेच बोलले असते.

सकाळी तंबूत मोजे घालायला बसले. ऑपरेशननंतर दोन महिने मी मोजे नाडीने चढवायचे. मोज्याला नाडी अडकवायची, पाय घालायचा आणि बसल्या बसल्या वर ओढायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेलं. हे आठवलं आणि मी मोजे तसेच टाकून मिलिंदच्या बॅगेत हात घातला. त्याच्या पायजम्याची नाडी ओढून काढली, मधोमध कापली आणि बाहेर जाऊन विल्सनसमोर धरली. कळ वरच ओढायची असते ना, मग हाताने ओढली काय आणि दोरीने ओढली काय.

विल्सनने नाडी हातात घेऊन ओढून पाहिली. त्याची शंका रास्त होती. घसरताना चुकून ओढली गेली तर बूट सुटेल आणि मोठा घात होईल. त्यावर तासभर खल झाला. सलीमचं म्हणणं, नाडी ढिली ठेवून टोक खिशात घाला. विल्सनला ती गुडघ्याजवळ चिकटपट्टीने धरलेली हवी होती, म्हणजे मुद्दाम ओढल्याशिवाय ताण येणार नाही. शेवटी विल्सनचं ऐकलं. मिलिंद पायजमा एका हातात धरून उभा होता आणि त्याला एका शब्दाने विचारलं नाही म्हणून तक्रार करत होता.

टेकडीवर परत गेलो. ब्रश, खट्‌, खट्‌. विल्सन म्हणाला, पहिल्यांदा मी खाली थांबतो. मी म्हटलं, कुणीही थांबायचं नाही. सलीमने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत दोघांना गाडीपाशी नेलं.

खाली पोचले. सरळ उभी राहिले, उजव्या गुडघ्याजवळची नाडी सोडवून वर ओढली आणि टाच फिरवली. नाही सुटली. पुन्हा ओढली, जोर लावून. वाळू किरकिरली आणि बूट सुटला. मग डावा. मी बोर्डच्या बाहेर वाळूवर उभी होते, पाठ ताठ. वर ते तिघं कडेवर ओळीने उभे राहून बघत होते. मी हात हलवला आणि मला रडू आलं. एवढ्या लांबून ते दिसलं नसावं. मग अजून तीनदा उतरले, एकदा नाडी निसटली आणि फेरगाठ मारावी लागली, बाकी सगळं ठीक.

दुपारी बिदियात चाकांत हवा भरली. सलीमच्या आईने खजूर आणि कहवा, म्हणजे इथली कॉफी, दिल्याशिवाय सोडलं नाही. मस्कतला पोचेस्तोवर अंधार झाला होता.

तर निकाल. वाळूसाठी पट्टेच बरे, आणि बोर्ड पुढून उचललेला आणि रुंद. बर्फासाठी, पाठ धड असेल तर काहीही चालेल. पाठीचं दुखणं असेल तर बिनपट्ट्यांचा विचार जरूर करा, पण दुकानात आत पाय घालून खूश होऊ नका, बाहेर येऊन बघा. वाळू घरात अजून सापडते, कानात, बुटात, लेकीच्या म्हणण्याप्रमाणे डाळीतसुद्धा. लेक तिच्या इंग्रजी मिसळलेल्या मराठीत विचारत होती, "आई, म्हणजे तू आता जाणार? फॉर शुअर?" मी हो म्हटलं, आणि ते शब्द तोंडातून निघाल्यावर माझाच जीव भांड्यात पडला.

काल रात्री जेवण झाल्यावर मिलिंद श्रीनगरची तिकिटं काढायला बसला. माझं नाव टाकताना थांबला आणि बराच विचार केल्यासारखं करून विचारलं, "गुलमर्गला मी तुझ्या पुढे राहू की मागे?"

"तू तुझ्या वाटेने जा," मी म्हटलं. "खाली भेटू."