एस्तेरबाईंचा यंदाचा माणूस

भस्म बुधवारची उपासना संपली की एस्तेरबाई सगळ्यांच्या आधी बाहेर येत आणि चर्चच्या दारातच उभ्या राहत. आम्ही कपाळावर राख घेऊन एकेक बाहेर पडायचो आणि त्या प्रत्येकाला अडवून विचारायच्या, "काय सोडलास?"

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काहीतरी सोडायची आमच्यात पद्धत आहे. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी तंबाखू. "मटण" म्हणणाऱ्याला बाई म्हणायच्या, "आठ दिवसाला एकदा खातोस. बाकीचे दिवस सोडलेलंच हाय की. देवाला का खुळा समजलास?" चहावाल्याला म्हणायच्या, "बायकूच्या डोक्याला ताप का करायलास? च्या पी तू." एकदा मी नम्रपणे म्हणालो, "गोड सोडलंय, बाई." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्यात गोड होतं कुठं रे शमुवेल, सोडायला?" मागचे सगळे हसले.

त्यांना मी आवडत नव्हतो आणि मला त्या आवडत नव्हत्या. गेलेल्या माणसावर लिहिताना लोक हे लिहीत नाहीत. मी लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. ख्रिस्ती घरं जेमतेम तीस. मी कॉलेजात क्लार्क आणि मंडळीचा चिटणीस, म्हणजे जन्म, लग्न, मरण, सभासद या सगळ्यांच्या वह्या माझ्या कपाटात. एस्तेरबाई मूळच्या मुरुडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळही होता आणि जीभही.

त्यांची स्वतःची सोडायची रीत वेगळी होती. दर उपवासकाळात त्या एक माणूस निवडायच्या. ज्याचं तोंड बघवत नाही असा. चाळीस दिवस रोज सकाळी त्याच्या दारात एक गरम भाकरी आणि त्यावर भाजीचं कोरड्यास न्यायचं आणि तो खाईपर्यंत उभं राहायचं. स्वतः मात्र दिवस मावळेपर्यंत पाणीही घ्यायचं नाही. ईस्टरच्या पहाटे त्या माणसाचा हात हातात घ्यायचा, "प्रभू उठला" म्हणायचं, की भांडण संपलं. पुढच्या वर्षी दुसरा. याला त्या "यंदाचा माणूस" म्हणत. बुधवारनंतर गावात चर्चा असायची, यंदाचा माणूस कोण?

एका साली एक किराणा दुकानदार होते. त्यांनी बाईंना दुकानातल्या माठाला हात लावू दिला नव्हता. बाई भाकरी घेऊन उभ्या राहिल्या. दहा दिवस त्यांनी ती बाईंच्या डोळ्यांदेखत कुत्र्याला टाकली. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अकराव्या दिवशी त्या चर्चमध्ये आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मीठ कमी हाय म्हणाला! म्हंजे खाल्ली की मुडद्यानं!" प्रभूच्या घरात असा शब्द. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की पाळकसाहेबांनाही रागावता आलं नाही.

शमीमआपा अशाच मिळाल्या. नळाच्या पाण्यावरून दोघींची हाणामारी व्हायची वेळ आली होती. त्या वर्षी आपा यंदाचा माणूस. ईस्टरपर्यंत दोघी एकाच चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायला लागल्या आणि त्या भाकऱ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात, पेशंटच्या नातेवाइकांना वाटायला लागल्या. पुढे विहारातल्या वंदनाताई आल्या, गल्लीतल्या दोन मराठा घरच्या बायका आल्या. मग दर उपवासकाळात दवाखान्याच्या आवारातच चुली मांडायचं ठरूनच गेलं. अलीकडे रमजान आणि आमचे चाळीस दिवस एकत्र यायला लागले, तेव्हा दोघी पाण्याविना चुलीसमोर. बाई म्हणायच्या, "आपा, थुकी तरी गिळ की." आपा म्हणायच्या, "तूच गिळ. तुझा येसू माफ करून देतो, हमारे में हिसाब कडक है."

वाढण्याआधी जी ती आपापली प्रार्थना म्हणायची. बाई प्रभूची प्रार्थना म्हणत, आपा बिस्मिल्ला, वंदनाताई त्रिशरण, आणि त्या मराठा बाया एकदम खालच्या आवाजात विठ्ठलाचं नाव. मी एकदाच गेलो होतो. नातेवाईक ताटं धरून ताटकळले होते. एक म्हातारा म्हणाला, "सगळ्या देवांचं झालं का? आता जेवू का?"

मंडळीत कुरबुर होतीच. आपली बाई बाहेरच्यांबरोबर प्रार्थना करते, हे काय? त्यात सगळ्यात जास्त कुरबुर माझी. खरं सांगायचं तर मला धर्माची काळजी नव्हती. चिटणीस मी, आणि गावात मंडळी म्हटलं की लोक नाव घ्यायचे एस्तेरबाईंचं.

मग गावातल्या काही पोरांनी अर्ज दिला. भाकरीच्या नावाखाली दवाखान्यात धर्मांतर चालतं, असा. मला पोलीस ठाण्यात बोलावलं. मला कोणी धमकावलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला. विचारलं, "ही बाई तुमच्या चर्चची का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "होती. आता नाही."

"तसं लेखी द्या म्हणजे तुमचं चर्च मोकळं."

मी दिलं. मंडळीच्या कागदावर, शिक्का मारून. घरी आलो आणि दिलेलं खरं करण्यासाठी कपाट उघडलं. आमचा नियम आहे की सलग एक वर्ष जो प्रभुभोजनाला, म्हणजे पाळकांच्या हातून भाकर-द्राक्षरस घ्यायला, येत नाही त्याचं नाव यादीतून काढता येतं, आणि यादीत नाव नसेल त्याला ते मिळत नाही. एस्तेरबाई एकदाही चुकल्या नव्हत्या. माझ्या पुढच्याच बाकावर बसायच्या. मी बारा महिन्यांच्या बारा चौकोनांत "गैरहजर" भरलं आणि नाव खोडलं. पाळकसाहेब नवे होते, वहीवर विश्वास ठेवणारे.

तो कागद दवाखान्यात वाचून दाखवला गेला. तुमच्या चर्चनेच हात झटकलेत, म्हणून बायकांना चुली उचलायला लावल्या. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, प्रभुभोजनाला एस्तेरबाई नेहमीसारख्या पुढे गेल्या, कठड्याशी गुडघे टेकले, हात पसरले. पाळकसाहेब खाली वाकून काहीतरी पुटपुटले. बाईंनी हात मिटले. उठून मागे येताना त्या माझ्या बाकाशी थांबल्या. बाईंना न बोलता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या भस्म बुधवारी त्या दारात उभ्या नव्हत्या. गुरुवारी सकाळी सहाला माझी कडी वाजली. रजनीनं, माझ्या बायकोनं दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "या बाहेर. यंदाचे माणूस तुम्ही."

भाकरी गरम होती. वर मेथीचं कोरड्यास. मी म्हणालो, "बाई, हे कशाला?"

"तुझं तोंड बघवत न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "खा."

मी खाल्ली. शेजारीपाजारी खिडकीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवार आमच्यात उपवासात धरत नाहीत, त्यामुळे त्या रविवारी येत नसत. "आज सुट्टी हाय मला तुझ्यापासनं," असं शनिवारीच सांगून जायच्या. रजनी म्हणायची, "एवढं गिळताय तर एक वाक्य बोला की. वही तुमच्याच कपाटात आहे." मी तिच्यावर ओरडायचो. एका सकाळी बाईच म्हणाल्या, "त्या दुकानदारानं कुत्र्याला टाकली, पण माझ्याकडं बघून टाकली. तू नुसता खातोस आणि खाली बघतोस. कसला मानूस हायस रे?"

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी प्रभुभोजनाची यादी कायम होते. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कमिटीला विचारलं, "यादीत काही दुरुस्ती?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना अंदाज होता, फक्त वहीत काय आणि खरं काय हे ठामपणे सांगू शकणारा मी एकटा होतो. तोंडातून एवढं निघालं असतं की ते चौकोन मी खोटे भरलेत, तर गुरुवारी त्या कठड्याशी असत्या.

"काही नाही," मी म्हणालो.

सोमवारी त्या आल्या. भाकरी दिली. "दुरुस्ती न्हाई म्हणालास म्हणे."

मी तुकडा मोडला.

शेवटच्या शनिवारी मी खाऊन होईपर्यंत त्या थांबल्या, ताटली घेतली, पदरानं पुसली. म्हणाल्या, "उद्या पहाटे मी हात देणार न्हाई तुला. चाळीस दिवस केले, पण राग गेला न्हाई. आजवर असं कुणापायी झालं न्हवतं. देवाला तसं सांगून टाकलंय. तुला पण सांगते."

आठ दिवसांत त्यांनी घर बंद केलं आणि नांदेडला भाचीकडे, ग्रेसकडे, राहायला गेल्या. दिवाळीनंतर ग्रेसचा फोन आला. आत्या गेली. नांदेडच्या ख्रिस्ती दफनभूमीत बाहेरगावच्या माणसाला जागा हवी तर मूळ मंडळीचं पत्र लागतं. "काका, तेवढं घेऊन याल का? आजच."

मी एसटीने निघालो. जाण्याआधी पत्र लिहिलं की ख्रिस्तवासी एस्तेरबाई आमच्या मंडळीच्या पूर्ण सभासद होत्या. शिक्का मारला. खोडलेल्या नावाचा उल्लेख केला नाही. अहमदपूरच्या पुढे गाडीत मला थोडं हलकंसुद्धा वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते. तिथल्या लोकांनी पत्र घेतलं, जागा दिली. ग्रेस रडत माझ्या पाया पडली. "तुमच्यामुळं झालं काका. नाहीतर आत्याला कुठं नेणार होते मी?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रार्थना झाली. पेटी खाली गेली. लोक माती टाकायला पुढे सरकले, मीही वाकून मूठ भरून घेतली. तेवढ्यात समोरून शमीमआपा बोलल्या. त्या गावाहून जीपने आल्या होत्या, मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

"सेक्रेटरीसाब, दवाखान्यात तुमची चिठ्ठी वाचली तेव्हा मी तिथंच होते. ही बाई आमची नाही, लिहिलं होतं. आज लिहिलं, आमची आहे. सही एकच आहे ना? मग खरी कोणती, ते आज सांगा. तिच्या समोर सांगा."

सगळे थांबले. ग्रेस माझ्याकडे पाहत होती, अजून काही कळलं नव्हतं तिला. मी तेव्हाही कोणी दुसरं बोलेल, तिथले पाळक पुढची प्रार्थना सुरू करतील, याची वाट पाहत होतो.

"आजची खरी," मी म्हणालो. "पहिली खोटी. त्या एकदाही गैरहजर नव्हत्या. मी खोटं लिहिलं."

आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी विचारलं, काय म्हणाले? आपांनी त्यांना मोठ्यानं सांगितलं. शब्दाला शब्द.

ग्रेसनं डोळे पुसले. मघाशी पाया पडलेली ती पोरगी सरळ माझ्यासमोर आली आणि अगदी हळू, मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"काका, तुम्ही माती टाकू नका."

मी मूठ उघडली. माती कडेच्या ढिगावर सोडली आणि बाजूला झालो. समोर उभ्या असलेल्या आपा माती टाकायला पुढे आल्या.