मशेरीची तलफ

तुळसाचा सारा जन्म नाटे गावच्या बंदरावर गेला. मासळी खारवायची, वाळत घालायची, राजापूरच्या बाजारात नेऊन विकायची. थोरली बहीण काशी जोडीला. नवरा वारल्यापासून काशी तुळसाच्याच घरी राहायची. पहाटे उठल्या की दोघी मागल्या दारी बसून मशेरी लावायच्या. तव्यावर काळी भाजलेली ती तंबाखू दातांना घासल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. जेवणात खारा बांगडा, वर लोणचं.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत, मासळी वाळत घालताना काशीच्या हातातली टोपली सुटली.

"अगो, धर ना!" तुळसा ओरडली.

काशीने वर बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली.

राजापूरच्या डॉक्टरांनी काशीला तपासलं आणि तुळसाच्याही दंडाला पट्टा बांधला. "बाई, तुमचंही प्रेशर वाढलंय. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. मीठ कमी. मशेरी बंद."

तेव्हापासून तुळसाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मासे निवडता निवडता ती मुठीची उघडझाप करून बघायची. चुलीपुढे स्वतःचंच नाव मोठ्याने घ्यायची, जीभ वळते का बघायला. नवरा रघू आधी हसला, मग हसेनासा झाला. मशेरी सुटल्यावर तर ती घरात टिकेना. डोकं भणभणायचं, भांडी आपटली जायची. तलफ आली की उठून समुद्रकाठच्या पुळणीवर चालत सुटायची.

"खंय चाललंस गो?" रघू विचारायचा.

"चालले म्हंजे चालले!"

घरातला खारा बांगडा गेला. ताजी मासळी नसेल त्या दिवशी कुळथाची पिठी, तीही कमी मिठाची. रघू तोंड वाकडं करून जेवायचा.

सगळ्यात कठीण काशी. रोज सकाळी ती डाव्या हाताचं बोट दातांवर फिरवून मशेरी मागायची आणि तुळसा मान फिरवायची. एके दिवशी तिला बहिणीचे भरलेले डोळे बघवेनात; खरं तर तिलाही राहवेना. तिने तवा चढवला. तंबाखूचा धूर नाकात शिरला तशी ती तव्यावर वाकली. काशी खाटेवरून पुढे झुकली. तिचं ते ओढलेलं तोंड अगदी जवळून दिसलं आणि तुळसाने तवाच उचलून परसात उपडा केला.

काशीने डाव्या हाताने तिला फटका मारला. "दे!"

कित्येक महिन्यांतला तिचा पहिला शब्द. तुळसाने तिचा हात धरला. "काय म्हटलंस? परत म्हण!"

"दे! दे!"

तुळसा रडत होती, हसत होती. मशेरी मात्र दिली नाही.

पुढे काशी काठी धरून अंगणापर्यंत येऊ लागली, तुटक बोलूही लागली. त्यात शिव्याच जास्त. गोळी आणि पथ्याने तुळसाचं प्रेशर उतरलं. तरी तिला चैन नव्हतं. रघूच्या मागे लागून तिने त्यालाही तपासून आणलं. मग शेजारच्या राहीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माका काय झालाय?" राही म्हणाली.

"काशीकही काय झाला नव्हता," तुळसा म्हणाली आणि तिला हाताला धरून राजापूरच्या एसटीत बसवलं.