साडीच्या काठावरची क्षेपणास्त्रं

लग्नाच्या साडीच्या काठावर विणलेल्या बोरिंगच्या गाड्यांना मी लष्कराची क्षेपणास्त्रं समजलो आणि एका निरपराध विणकराला तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, तुमच्या नोकरीतली एखादी मोठी केस सांगा. मोठ्या केसेस सगळ्यांच्याच असतात. ही मात्र माझी एकट्याची आहे आणि ती विसरायची सोय नाही.

सत्तरचं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं. नाशिकचं प्रशिक्षण संपवून मी नागपूर जिल्ह्यात फौजदार म्हणून आलो होतो. खाप्याच्या बाजूचं एक ठाणं होतं. नाव सांगत नाही, माझ्यापायी तिथल्या आजच्या माणसांनी मान खाली का घालावी? ठाण्याचे निरीक्षक रजेवर गेलेले, म्हणून चार्ज माझ्याकडे. त्यांच्या खुर्चीची उशी मी पहिल्याच दिवशी बदलून घेतली होती, यावरून माझी तब्येत कळेल.

त्याच आठवड्यात कन्हान नदीपलीकडच्या मोकळ्या शेतात लष्कराचा ताफा येऊन थांबला. गाड्यांवर ताडपत्र्या. आम्हाला गोपनीय पत्र आलं: बाहेरचा बंदोबस्त ठेवा, गर्दी होऊ देऊ नका, चर्चा होऊ देऊ नका. मी रोज सकाळी जीप घेऊन जायचो. तिथल्या एका सुभेदाराला माझा उत्साह बघून दया आली असावी. चहा पिता पिता त्याने मला सांगितलं, की ही आकाशातली विमानं पाडायची व्यवस्था आहे. एका गाडीवर रडार, एकीवर नियंत्रणाची केबिन, एकीवर जनरेटर, आणि बाकीच्यांवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या. प्रत्येक गाडी सुटी. जेवढं आकाश राखायचं तेवढ्या नळीच्या गाड्या जोडायच्या, एखादी बिघडली तर तिच्या जागी दुसरी लावायची. जवान तिला आपसात ‘छत्री’ म्हणत. एकदा ताडपत्री काढून नळ्या उभ्या केल्या, तेही मी पाहिलं. त्या दिवसापासून मी रस्त्याने चालताना वर आकाशाकडे पाहू लागलो. सायकलवाले मला धडकू लागले.

तिसऱ्या दिवशी खबर आली. सुताच्या दुकानातला दिवाणजी ठाण्यात येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच म्हणाला, “साहेब, आमच्या गिऱ्हाइकाच्या घरी एक कागद पाहिला. चौकटी चौकटीचा. त्याच्यात मिल्ट्रीच्या गाड्या काढल्या हायेत. नळ्या उभ्या असलेल्या.”

माझे हवालदार शेजारीच उभे होते. वीस वर्षांची नोकरी, आवाज कायम खालच्या पट्टीत. ते म्हणाले, “साहेब, विणकर लोक नक्षी कागदावरच काढतेत. आधी साध्या कपड्यात जाऊन पाहून येऊ का मी?”

मी म्हणालो, “हवालदार, तोपर्यंत कागद सीमेपार जाईल.”

खाप्याहून सीमा किती लांब आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्यांचा तो मोठेपणा.

आम्ही दोन पंच घेऊन गेलो, एक पानठेलेवाला आणि एक न्हावी. विणकर मागावर बसलेला होता. पन्नाशीचा, बारीक, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. बायको चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. एकुलती मुलगी आम्हाला पाहून आत गेली. मागावर निम्मी विणलेली साडी, आणि तिच्या काठावर, मी शपथेवर सांगतो, गाड्याच गाड्या. प्रत्येक गाडीवर एक उभी नळी. दोन गाड्यांच्या मध्ये एक गोल फूल. ते मला रडार वाटलं.

“हे काय आहे?”

“बोरिंगच्या गाड्या हायेत जी साहेब,” तो म्हणाला. “पोरीचं लगन हाय पंधरा दिवसांनं. जावई बोरिंगच्या गाडीवर ड्रायवर हाय. म्हणून काठाले त्याची गाडी घातली.”

दुष्काळानंतर आमच्या भागात जमिनीत भोकं पाडून पाणी काढणारी ती यंत्रं नवीनच आली होती. ट्रकवर मागे एक उंच मनोरा उभा राहतो आणि त्यातून पाइप खाली जातो. माणसाने पहिल्याच वाक्यात पूर्ण आणि खरं उत्तर दिलं होतं. मी डायरीत लिहिलं, ‘सदर इसम दिशाभूल करीत आहे.’

मग मी साडी जप्त करायला कात्री मागितली.

हवालदार जवळ येऊन म्हणाले, “साहेब, कापू नका. मागावरच सील करू. एकदा कापली का साडी गेली.”

विणकराची बायको उठून मागाच्या आडवी आली. “साहेब, पोरीची लगनाची हाय वं माय... कागद घेऊन जा, मानूस घेऊन जा, पर कापू नका.” मी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि कापलं. शेकडो ताणलेले धागे एकदम सैल पडले, काही मागे सरकून फणीतून निघाले.  विणकराने चष्मा काढला.

आता पंचनामा. दिसतं तेवढंच पंचनाम्यात लिहावं, हे मला नाशिकला शिकवलं होतं आणि हवालदारांनी तिथेही आठवण करून दिली. पण मला माहिती जास्त होती आणि ती मला आतून टोचत होती. मी लिहिलं की सदर आकृती ही नदीपलीकडे मुक्कामास असलेल्या विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या वाहनांशी मिळतीजुळती असून, सदर वाहनांपैकी एकावर रडार, एकावर नियंत्रण कक्ष, एकावर जनरेटर असून, उर्वरित वाहने गरजेनुसार जोडता येतात. मग नियमाप्रमाणे, पंचांना अक्षरओळख कमी म्हणून, ओसरीवर उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. अंगणात सारी गल्ली जमली होती.

न्हावी म्हणाला, “म्हंजे नदीपल्याडच्या गाड्यांमंधी हे हाय का साहेब?”

“ते तुम्हाला सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“बरं बरं,” तो म्हणाला आणि सही केली.

ठाण्यात आणल्यावर मी विणकराला अटक दाखवली नाही. अटक दाखवली की चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. स्टेशन डायरीत ‘चौकशीकामी बोलाविले’ असं लिहिलं आणि तीन दिवस बाकड्यावर बसवून ठेवलं. हे तेव्हा सर्रास चालायचं. सर्रास चालायचं म्हणून बरोबर होतं, असं नाही.

चौकटींचा कागद घेऊन मी एक अख्खी दुपार बसलो. एक चौकोन म्हणजे दहा पावलं धरली तर नदीपासून शेतापर्यंतचं अंतर जवळपास जुळत होतं. बारा धरली तर ठाण्यापासून माझ्या क्वार्टरपर्यंतचं जुळत होतं. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की माझ्याही जिवाला धोका आहे.

चौकशीत तो सगळ्याची सरळ उत्तरं द्यायचा. एक भरलेला चौकोन म्हणजे वर उचलायचा एक धागा. गोल फूल म्हणजे पाण्याचा फवारा, बोरिंगला पाणी लागलं की उडतो तो. मी विचारलं, “कागद कोणी काढला?”

पहिल्यांदाच तो थांबला. खाली पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. “म्याच काढला.”

खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. तेव्हाही यायचा. हे खोटं होतं, आणि ते मला कळलं, एवढं एकच त्या प्रकरणात माझं बरोबर होतं. मी तोच प्रश्न पाच वेळा विचारला. पाचही वेळा अंगठा. सहाव्या वेळी मी त्याच्या तोंडात मारली. दोरा बांधलेला चष्मा लांब जाऊन पडला आणि हवालदारांनी तो उचलून स्वतःच्या रुमालाने पुसून त्याला दिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको फाटकाशी आली. तिने हवालदारांना सांगितलं, की नवऱ्या मुलाच्या घरून निरोप आलाय. मुलीच्या बापाला पोलिसांनी कशापायी नेलं ते कळल्याशिवाय आम्ही पुढचं काही करत नाही. हवालदारांनी ते मला सांगितलं. मी म्हणालो, “तपासात भावनेला जागा नसते.” हे वाक्य मी कुठल्या तोंडाने म्हणालो, याचा मी अजून शोध घेतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तातडीच्या संदेशावरून लष्कराचे एक मेजर आले. मराठीच होते. मी टेबलावर साडीचा तुकडा पसरला, कागद ठेवला, पावलांचा हिशेब सांगितला. ते काही बोलणार तेवढ्यात आवारात प्रचंड घरघर झाली. बाहेर येऊन पाहतो तर फाटकातून एक ट्रक आत आलेला. मागे लोखंडी मनोरा, पाइप, सगळीकडे वाळलेला चिखल. साडीवरचीच गाडी, फक्त मोठी. हवालदारांनी कळमेश्वरजवळच्या एका गावातून, मला न विचारता, ती बोलावून घेतली होती.

ड्रायव्हर उतरला. “माहे सासरे कुठी हायेत?” त्याने विचारलं. त्याच्या मागोमाग केबिनमधून ती मुलगी उतरली. घरातून निघून ती एकटीच त्याच्याकडे गेली होती.

ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, “कागद म्या काढला. बाबाले सोडा.”

विणकर दारातून ओरडला, “तू काहून आली वं इथं? घरी जाय.” आणि मग मला कळलं, की तो अंगठ्याकडे का पाहत होता. पंधरा दिवसांवर लग्न आलेल्या मुलीला ठाण्याची पायरी चढावी लागू नये, एवढंच त्याचं गुपित होतं. त्यासाठी त्याने माझी थप्पड खाल्ली.

मेजरांनी साडी हातात घेऊन काठ पाहिला. “काम सुंदर आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी पंचनामा वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर त्यांचा चेहरा उतरला.

“हे कोणापुढे वाचलंत?”

“पंचांपुढे सर.”

“आणि?”

“थोडी गल्ली होती.”

त्यांनी पंचनामा मिटला. “आम्ही हे आमच्या निम्म्या जवानांनाही सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताफा शेतातून हलला. तोपर्यंत नदीकाठी माणसं डबे बांधून ‘छत्री’ पाहायला येऊ लागली होती. वरून मला लेखी आदेश आला: सदर वाहनांबाबत यापुढे कोणाशीही, कोणत्याही कारणाने, एक शब्दही बोलू नये.

साडीचे तुकडे परत द्यायला मी स्वतः गेलो. विणकराच्या बायकोने ते माझ्या हातातून घेतले, घडी घातली आणि आत नेऊन ठेवले. विणकर तुटलेले धागे एकेक करून सांधत बसला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, “माहं जाऊ द्या जी. मुलाच्या घरी काय सांगता ते पाहा.”

मुलाचं घर नागपूरला, नंदनवन वस्तीत. मी गणवेशात, जीप घेऊन गेलो, हीसुद्धा चूकच. जीप थांबली तसे शेजारी दारात आले. मुलाचे वडील खाटेवर बसले होते, आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी म्हणालो, विणकराचा काही दोष नाही, चूक पूर्णपणे माझी आहे.

“पन नेलं कशापायी?” वडिलांनी विचारलं.

इथे माझी पंचाईत झाली. क्षेपणास्त्रांचा शब्द काढायचा नाही, लेखी आदेश. रडार नाही, लष्कर नाही, नदी नाही. ते वगळून जे उरत होतं, तेवढंच मी सांगू शकत होतो. आजही वाटतं, गुन्हेगाराला कबुली देताना जे होतं ते मला त्या दिवशी अंगणात कळलं. माणूस खोटं बोलतोय हे ओळखणं ही तपासाची निम्मीच विद्या. तो कोणाला वाचवायला खोटं बोलतोय हे विचारायची अक्कल आली, की उरलेली निम्मी येते. मला ती आली तेव्हा एका बापाचा गाल लाल होऊन गेला होता.

मी म्हणालो, “साडीच्या काठावर बोरिंगची गाडी विणली होती, म्हणून नेलं.”

“अन्?”

“अन् काही नाही. तेवढंच.”

“तीन दिवस?”

“हो.”

मुलाच्या आईने मला टोपीपासून बुटांपर्यंत नीट पाहून घेतलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

“लगन ठरल्या दिवशीच होऊ द्या गा,” ती म्हणाली. “त्या घरात काई खोट नाही. येडा हा हाय.”