उन्हात न वाळलेली वाटी

मंडळी, आज कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात मी माझी अक्कल उन्हात वाळत घातली.

चिनी लॅकरच्या क्लासमध्ये आईसाठी लाकडी वाटी करतोय. लॅकरचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, थर दिला आणि वाटी पापडासारखी पार्किंगमध्ये उन्हात ठेवली. शिकवणाऱ्या लिन मावशी धावत आल्या. "अहो, हे उन्हात नाही, दमट कपाटात वाळतं!"

सावंतवाडीला आईला फोन केला. म्हटलं, "इथली हवा कोरडी आहे गं, वाटीला वेळ लागेल."

"मग इकडे घेऊन ये. ओल हवी तेवढी आहे, माणसंच नाहीत."

सहा वर्षं दरवेळी घरी जायचं तिकीट कॅन्सल करायला माझ्याकडे उत्तम कारण होतं. आज एकही सुचलं नाही.

तुमचं यंदाचं कारण काय?